काशींत उतरावें कोठें?

आमच्या घरीं गेला पंधरवडा एकच विषय चालला आहे. फाल्गुनांत काशीस जावयाचें हें ठरलें, किती जणांनीं जावयाचें हेंहि ठरलें. परंतु तेथें उतरावयाचें कोठें, या एका प्रश्नावर चार मतें पडलीं आणि चौघेंहि आपापल्या मतास चिकटून बसलीं. थोरल्या चिरंजीवांचें मत असें कीं, छावणीकडील एखाद्या चांगल्या हॉटेलांत उतरावें. तेथें लिफ्ट असते, मोटर दारापर्यंत येते, आणि पैसे दिले कीं कोणाचे उपकार नाहींत. सूनबाईंचें म्हणणें, जेथें स्वतःच्या हातानें दोन भाकऱ्या भाजतां येतील असें ठिकाण पाहावें. आमच्या कुटुंबाचें मत अगदीं थोडक्यांत होतें: ज्या ठिकाणीं गरम पाणी व बसावयाचा संडास असेल तें ठिकाण काशी. माझें मत मीं आधींपासूनच करून ठेविलें होतें: दुर्गाघाटाच्या बाजूस, मराठी वस्तींत, आपल्या तीर्थोपाध्यायांच्या घरीं. आणि जिच्यासाठीं हा सारा खटाटोप, ती आमची अक्का इंदापुरास आपल्या ओसरीवर वाती वळीत बसली होती. तिला कोणीं विचारलेंच नव्हतें.

या सदराच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहाणारा आहे, म्हणून आमच्या घरचें भांडण थोडेंसें चव्हाट्यावर मांडीत आहें. गाडी कोणती, तिकीट केवढें, दर्शन किती वाजतां, हें सर्वजण विचारतात. रात्रीं पाठ कोठें टेकावयाची हें मात्र निघण्याच्या आदल्या दिवसावर जातें. आणि यात्रा सुखाची होणें न होणें बहुतांशीं त्याच गोष्टीवर अवलंबून असतें.

प्रथम माझी चूक सांगतों. १९९६ सालीं मी वडिलांना घेऊन काशीस गेलों. त्यांचें वय तेव्हां बहात्तर. मी पस्तिशी ओलांडलेला शाळामास्तर. आणि आपल्याला सर्व ठाऊक आहे असें वाटण्याचा जो रोग मास्तरांना होतो, तो मला पुरेपूर जडलेला. गाडी अपरात्रीं पोहोंचेल, त्या गल्ल्यांतून कोण हिंडणार, असा विचार करून मीं स्टेशनासमोरच एका लॉजांत खोली घेतली. खोली स्वच्छ होती, भाडें माफक होतें, तक्रारीस जागा नव्हती. फक्त गंगा तेथून चार-पांच किलोमीटर दूर होती. वडिलांची इच्छा एवढीच कीं, तीन दिवस अरुणोदयीं स्नान घडावें. पहांटे चारला उठून, रिक्षा शोधून, गोदौलियाच्या चौकापासून पुढें पायीं चालत आम्हीं दशाश्वमेधावर पोहोंचावें, तों सूर्य हातभर वर आलेला असे. मग ओल्या धोतराचें बोचकें घेऊन परत तोच प्रवास. दुसऱ्या दिवशीं वडिलांना कणकण आली, तिसऱ्या दिवशीं ताप भरला. तिसरें स्नान राहिलें तें राहिलेंच. ते कांहीं बोलले नाहींत. परतीच्या गाडींत, जबलपूर मागें पडल्यावर, खिडकीबाहेर पाहात एवढेंच म्हणाले, "काशी पाहिली. काशींत राहिलों मात्र नाहीं."

त्यांना पुढें काशी घडली नाहीं.

अक्कालाहि त्या वेळीं यावयाचें होतें. आमचे मेहुणे अंथरुणास खिळलेले होते म्हणून ती राहिली. "पुढच्या खेपेस तुला नेतों," असें मी म्हणालों होतों. ती पुढची खेप उगवावयास जवळजवळ तीस वर्षें लागलीं. अक्का माझ्याहून बारा वर्षांनीं वडील. आई गेली तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों. १९७२ च्या दुष्काळांत आमच्या जिराईत तुकड्यांत कुसळ उगवलें नाहीं. माझी शाळा सुटण्याची वेळ आली, तेव्हां तिनें मला आपल्या सासरीं नेऊन ठेविलें आणि हातांतल्या पाटल्या मोडून मॅट्रिकपर्यंत शिकविलें. हें येथें लिहिलेलें तिला आवडणार नाहीं; पण मासिक तिच्या हातीं पडेपर्यंत आम्ही परत आलेलों असूं.

आतां काशीची ठेवण पाहूं. ती एकदां ध्यानांत आली म्हणजे निम्मा प्रश्न सुटतो. गंगा एकंदरींत पूर्वेकडे जाणारी नदी. काशीपाशीं ती वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. शहर सारें पश्चिम तीरावर. समोर नुसतें वाळवंट. म्हणून घाट सगळे पूर्वाभिमुख आणि सूर्योदय थेट पाण्यावर. दक्षिणेस अस्सीचा ओढा, उत्तरेस वरुणा नदी, आणि या दोहोंमध्यें ऐंशींहून अधिक घाट धनुष्याच्या कमानीसारखे पसरलेले. म्हणजे या शहराचें तोंड नदीकडे आहे. पूर्वीं मोगलसराईच्या बाजूनें येणारा यात्रेकरू नावेंत बसून थेट घाटाला लागे. त्याला 'घाटावर उतर' असें निराळें सांगावें लागत नसे. १८८७ सालीं राजघाटापाशीं रेल्वेचा पूल झाला, पुढें स्टेशनें वाढलीं, विमानतळ तर बाबतपुरास, शहराबाहेर पंचवीस किलोमीटरांवर. आणि आपण सर्व जण काशींत परसदारानें शिरूं लागलों. परसदारीं जें पहिलें भेटेल तेथें बिछाना टाकावा, ही माझी १९९६ ची चूक. तीच चूक अधिक भाडें भरून करण्याचा थोरल्या चिरंजीवांचा विचार होता, असें मी त्यांना म्हणालों. त्यांना तें फारसें रुचलें नाहीं.

उतरण्याच्या दृष्टीनें काशी तीन आहेत. एक छावणी व स्टेशनाकडली. तिचें वर्णन वर आलेंच. ज्याला एक रात्र काढून सारनाथ पाहून पुढें जावयाचें आहे, त्याला ती सोयीची आहे. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. दुसरी मधली, दशाश्वमेधापासून पंचगंगेपर्यंतची, जिला तेथील लोक पक्का महाल म्हणतात. ही दगडी वाड्यांची आणि गल्ल्यांची काशी. दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें भिंतीस पाठ लावावी, आणि नंदीमहाराज आले तर दोघांनीं. येथें मोटर नाहीं. रिक्षाहि मैदागिन किंवा गोदौलियाच्या नाक्यावर सोडावी लागते, आणि गर्दीच्या दिवशीं तीहि त्याच्या पुष्कळ अलीकडे. तिसरी काशी दक्षिणेची, अस्सी व लंका या भागांतली. येथें रस्ते रुंद, वाहन घाटाच्या बरेंच जवळ पोहोंचतें, आणि १९१६ सालीं स्थापन झालेलें हिंदु विश्वविद्यालय व त्याचें सर सुंदरलाल रुग्णालय लंकेसच असल्यामुळें वृद्ध माणूस बरोबर असलेल्याच्या जीवाला थोडा आधार वाटतो. विश्वनाथाचें देऊळ मात्र येथून लांब.

माझें मन दुसऱ्या काशींत कां गुंतलें होतें, तें सांगितलें पाहिजे. त्या वस्तीचें आणि आपलें नातें जुनें आहे. काशी, प्रयाग व गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधीवर 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ लिहिणारे नारायणभट्ट काशींतले, पण घराणें मूळ पैठणचें. 'निर्णयसिंधु' ज्यांनीं १६१२ सालीं पुरा केला ते कमलाकरभट्ट त्यांचे नातू. आणि १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घरांतले. पंचगंगेवरचें बिंदुमाधवाचें आजचें देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनीं बांधलें. विश्वनाथाचें देऊळ १६६९ सालीं पाडलें गेलें, तें अहल्याबाई होळकरांनीं १७८० च्या सुमारास पुन्हा उभें केलें. भोसले घाट, शिंदे घाट, अहल्याघाट हीं नांवेंच बोलकीं आहेत. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या आसपास आजहि मराठी घरें आहेत; 'आज' या हिंदी दैनिकाचे विख्यात संपादक बाबूराव विष्णु पराडकर १८८३ सालीं काशींतल्याच एका मराठी घरांत जन्मले. आमच्या बारामतीलाहि या यात्रेची ओढ जुनीच. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ सालीं काशीस निघाल्या, त्यांची एक कन्या भिऊबाई बारामतीकर नाईक-जोशांच्या घरीं दिलेली होती. राधाबाईंना उतरावें कोठें हा प्रश्न पडला नसेल. वाटेंतले राजेरजवाडेच सामोरे येत होते. परंतु वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले ते तुमच्या-आमच्यासारखे गरीब गृहस्थ. त्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ १९०७ सालीं छापून निघाला. तो ज्यांनीं वाचला नसेल त्यांनीं निघण्यापूर्वीं अवश्य वाचावा. बंडाच्या धामधुमींतून सुटून त्या गृहस्थानें गंगेची कावड खांद्यावरून वरसईपर्यंत आणली. आमच्यांत लिफ्टवरून तंटे चालले आहेत.

असो. मीं उपाध्यायांच्या घरीं फोन केला. या घराण्याशीं आमचा संबंध वहींतला आहे. तरुण वाचकांस सांगावयास हवें कीं, तीर्थोपाध्यायांच्या वहींत गांव, आडनांव, गोत्र आणि येऊन गेलेल्या पूर्वजांचीं नांवें, पुष्कळदां त्यांच्याच हस्ताक्षरांत, लिहिलेलीं असतात. वडिलांनीं १९९६ सालीं त्यांत सही केली ती मीं पाहिली. तिच्या वरती आजोबांच्या चुलत्यांची मोडी सही होती. स्टेशनावर "आम्हीच तुमचे पंडे" असें म्हणणारा कोणी भेटला तर त्याला वही दाखवावयास सांगावें. आणि आजोबांचें नांव आपण आधीं उच्चारूं नये, तें त्यानें सांगावें. येवढी एक खबरदारी घेतली तर पुष्कळ मनस्ताप वांचतो. श्राद्धाची व पूजेची दक्षिणाहि बसण्यापूर्वीं स्पष्ट बोलून घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. हातांत पाणी घेतल्यावर घासाघीस करणें हा कमीपणा.

उपाध्याय मोठे प्रेमळ. त्यांच्या मराठींत हिंदीची फोडणी असते, पण आग्रह अस्सल कोंकणस्थी नव्हे, देशस्थी. खोली रिकामी आहे, गंगा दिसते, अवश्य या, म्हणाले. मीं विचारलें, "पाण्यापासून आपल्या दारापर्यंत पायऱ्या किती?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते हंसले. "मास्तर, चार पिढ्या आम्ही या पायऱ्या चढतों-उतरतों. मोजल्या कोणींच नाहींत."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचाच फोन आला. "नातवाकडून मोजविल्या. सध्यां पाण्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत ब्याऐंशी. तेथून दारापर्यंत अकरा. आणि तुमची खोली वरच्या मजल्यावर, तिला बावीस. जिना अरुंद आहे, हें आधींच सांगतों."

एकशें पंधरा. स्नानास एकदां जाऊन यावयाचें तर दोनशें तीस. संध्याकाळीं घाटावर बसण्याची हौस धरली तर चारशें साठ. मी गणिताचा मास्तर नव्हें, पण हा हिशेब कागदावर मांडला आणि त्या कागदाकडे बराच वेळ पाहात बसलों. काशींत अंतर किलोमीटरांनीं मोजण्यांत अर्थ नाहीं. छावणींतून घाट दूर म्हणून वडिलांचें स्नान हुकलें. आणि घाटाच्या डोक्यावर राहून पाण्याशीं पोहोंचतां येत नसेल तर तें हुकणें अधिकच जिव्हारीं लागणारें. तिकडील उंच कांठावरचे घाट उभे आहेत. पंचगंगेच्या पायऱ्या चढतांना तरुणालाहि मध्यें एकदां वळून गंगेकडे पाहाण्याचें निमित्त काढावें लागतें.

मग मीं एक युक्ति केली. एका रविवारीं अक्काला नीरा-नरसिंहपुरास नेलें. इंदापूर तालुक्याच्या टोंकाला नीरा आणि भीमा यांचा संगम आहे, तेथें लक्ष्मीनृसिंहाचें स्थान. दर्शनाचें निमित्त, खरें काम मोजणीचें. दर्शन झाल्यावर अक्का नदीकडे उतरूं लागली, मी मागून मनांतल्या मनांत आंकडे म्हणत. चोवीस पायऱ्या ती न थांबतां उतरली. पाणी डोळ्यांस लावलें. चढतांना नवव्या पायरीवर बसली, मग सतराव्या. मीहि शेजारीं बसलों आणि नदीकडे पाहिल्यासारखें केलें.

"किती झाल्या?" तिनें विचारलें.

"कसल्या?"

"मोजतोयस ना? ओठ हालताहेत तुझे. पाढे म्हणतानासुद्धां असेच हालायचे."

मग सर्व सांगावें लागलें: हॉटेल, लिफ्ट, दुर्गाघाट, एकशें पंधरा. तिनें सारें ऐकून घेतलें आणि एकच गोष्ट विचारली. "झोपल्या जागेवरून नदी दिसेल का रे? नाहीं दिसली तरी चालेल. ऐकूं येईल का?"

तेव्हां माझ्या डोक्यांत प्रकाश पडला. अक्काचें सासर भीमेच्या कांठचें. ज्या घरांत राहून मी मॅट्रिक झालों, त्या घराच्या मागल्या दारीं नदी होती; पावसाळ्यांत रात्रीं जाग आली कीं तिचा आवाज येई. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि तें गांव पाण्याखालीं गेलें. पळसदेवाचें जुनें दगडी देऊळ जसें जलाशय फार आटला म्हणजे वर येतें, तसा त्या घराचा चौथराहि मागें एका दुष्काळांत उघडा पडला होता. लोक पाहावयास गेले. अक्का गेली नाहीं. तेव्हांपासून तिचें स्नान इंदापुरांत नळाच्या पाण्यावर चाललें आहे. आम्हीं चौघांनीं आपापली काशी तिच्यावर लादली. तिला तीन रात्री नदीकांठीं निजावयाचें होतें. माझ्या दुर्गाघाटाच्या आग्रहांत तिच्या सोयीपेक्षां माझ्या 'त्रिस्थलीसेतूचा' भाग अधिक होता, हें मला तेथें सतराव्या पायरीवर कबूल करावें लागलें.

शेवटीं जागा अस्सीच्या बाजूस पाहिली. ती पाहातांना जें कळलें तें वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून लिहितों. धाकटे चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनीं संगणकावर खोल्यांचीं छायाचित्रें दाखविलीं. सगळ्यांत गंगा होती. पुढें फोन करून खोदखोदून विचारतां, एका ठिकाणीं ती गंगा गच्चीवरून दिसणारी निघाली, आणि गच्ची चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या ठिकाणीं खिडकींतून दिसे, पण मान बाहेर काढल्यास. आणि मान बाहेर काढूं नये अशी सूचना, कारण वानरें. हा विनोद नव्हे. काशींतलीं वानरें वाळत घातलेलें धोतर, चष्मा, जपमाळेची गोमुखी, कांहींहि नेतात. म्हणून घाटाकडल्या खोल्यांना बहुधा जाळ्या असतात, आणि नसल्या तर विचाराव्या. तेव्हां ज्याला नदी हवी त्यानें 'गंगादर्शन' या शब्दावर न जातां विचारावें: कोणत्या मजल्यावरून, खाटेवरून कीं उभें राहून, मध्यें कोणाची भिंत आहे काय. पायऱ्या रस्त्याच्या बाजूनें किती व नदीच्या बाजूनें किती, हेंहि निरनिराळें विचारावें. रिक्षावाला किंवा नावाडी जर म्हणाला कीं, तुम्ही ठरविलेलें ठिकाण बंद पडलें, पुरांत बुडालें, जळालें, तर त्याला नम्रपणें नमस्कार करावा आणि तेथेंच चला म्हणावें. दुसऱ्या ठिकाणीं नेल्याबद्दल त्याला कांहीं मिळत असतें; त्याचाहि संसार आहे.

जेवणाबद्दल सूनबाईंची चिंता खरी होती, पण आतां ती तितकी राहिलेली नाहीं. कांदा-लसूण नसलेलें जेवण काशींत सहज मिळतें. मात्र आपल्याकडील साध्या वरणभाताच्या चवीची अपेक्षा धरूं नये. मोहरीच्या तेलाचा वास पहिले दोन दिवस जाणवतोच. मेतकूट, गोडा मसाला, थोडे पोहे घ्यावे. याहून अधिक शिधा नेणारी माणसें यात्रेस जात नाहींत, स्वयंपाकघर फिरवावयास नेतात. हें वाक्य घरांत वाचून दाखविल्यावर मला चहा उशिरा मिळाला.

काळ कोणता हेंहि उतरण्याशींच निगडित आहे. श्रावण-भाद्रपदांत गंगा चढते. वाराणसीस धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानतात. १९७८ च्या पुरांत पाणी ७३.९० मीटरपर्यंत गेलें होतें. तितकें न चढलें तरी घाटाच्या खालच्या पायऱ्या व एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची वाट बुडते, नावा बंद होतात, आणि नदीसाठीं घेतलेली खोली नुसती ओल घेऊन बसते. पौषांत धुकें, गाड्या कित्येक तास रखडतात. वैशाख-ज्येष्ठांत ऊन असह्य. राहातां राहिला कार्तिक आणि फाल्गुन. कार्तिकी पौर्णिमेस तेथें देवदिवाळीचे दिवे लागतात. तें दृश्य अलौकिक, पण त्या दिवसांत खोली मिळणेंहि अलौकिकच. फाल्गुनांत महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर आणि शुद्ध एकादशीची, म्हणजे काशींतल्या रंगभरीची, गर्दी चढण्यापूर्वीं आठ-नऊ दिवस बरे मिळतात. तेच आम्हीं धरले. येथें एक खळगा आहे. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची. तीच त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. तेव्हां खोली ठरवितांना तिथीवर विसंबूं नये. इंग्रजी तारीख सांगावी. मी संस्कृताचा मास्तर असून हें सांगत आहें, यावरून समजावें.

अस्सीच्या बाजूची जी जागा ठरली ती साधी आहे. तळमजल्यावरची खोली, पुढें व्हरांडा, व्हरांड्यापुढें घाट. रस्त्याकडून तीन पायऱ्या. नदीकडे सध्यां एकतीस. आणि तेथें आठ-दहा पायऱ्या उतरून बसतां येईल असा रुंद टप्पा आहे. अक्काला पाण्यापर्यंत जाववलें तर उत्तम. न जाववलें तर टप्प्यावर बसवून कळशीनें स्नान घालूं. विश्वनाथाच्या दर्शनास गल्ल्यांतून न जातां अस्सीहून नावेनें जावें, असें उपाध्यायांनींच सुचविलें. १३ डिसेंबर २०२१ रोजीं देवळाचा विस्तृत परिसर खुला झाला. पूर्वीं चिंचोळ्या गल्लींतून जें दर्शन होई त्याला आतां ललिताघाटाकडून, नदीच्या बाजूनें, मोठी वाट झाली आहे. त्यासाठीं तेथील शेंकडों घरें गेलीं. त्याबद्दल हळहळणारे काशीकर आहेत आणि आनंद मानणारेहि आहेत. पाण्याखालीं घर गेलेल्या बाईचा भाऊ म्हणून मला त्या हळहळणाऱ्यांची बाजू समजते. पण वृद्धांना वाट सुकर झाली हें नाकारतां येत नाहीं. तेथें मोबाईल आंत नेऊं देत नाहींत. तो उतरल्या जागींच ठेवावा.

उपाध्यायांना आम्ही त्यांच्या घरीं उतरत नाहीं हें कळवितांना मला संकोच वाटला. ते म्हणाले, "श्राद्ध मी अस्सीवर येऊन करवितों. वही घेऊन येतों. आजींनाहि तींत सही करूं दे." अक्काची सही अजून कोठल्याच वहींत नाहीं. आमच्या वहींत आजवर पुरुषांच्याच सह्या आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहूं कीं नको असें दोन दिवस चाललें होतें. इंदापुराहून सूनबाई परत आल्या त्या गंभीर चेहऱ्यानें. म्हणाल्या, "आत्यांनीं भांडीं वांटलीं. तांब्याचें घंगाळ आपल्याला, परात पुण्याला, समया पुतणीला." अस्सीच्या जवळच मुमुक्षु भवन आहे, काशीवासासाठीं, म्हणजे शेवटचे दिवस तेथें काढावे या इच्छेनें, आलेलीं वृद्ध माणसें तेथें राहातात. हें मला ठाऊक होतें. घरांत कोणास बोललों नव्हतों. अक्काला ठाऊक आहे किंवा नाहीं, हें कळावयास मार्ग नव्हता.

मी इंदापुरास गेलों. ती तुळशीपाशीं होती. मीं आडवळणानें सुरुवात केली. गाडी दौंडाकडून जाते, मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूर, एक अहोरात्र आणि वर कांहीं तास, असें कांहींबाही बोललों. तिनें हात पुसले.

"तुला काय विचारायचं तें विचार."

"तूं परत येणार आहेस ना?"

ती थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तीस वर्षांपूर्वीं नेलं असतंस तर हें विचारलं नसतंस." आणि मग, माझा चेहरा पाहून, हंसली. "तिकीट दोन्हीकडचं काढ. न वापरलं तर पैसे परत मिळतात का, तेवढं विचारून ठेव."

विचारलें. गाडी सुटण्यापूर्वीं ठराविक मुदतींत रद्द केलें तर कांहीं रक्कम कापून उरलेली मिळते. तसें तिला कळविलें. पांचहि तिकिटें जाण्यायेण्याचीं काढलीं आहेत. परतीच्या गाडींत अक्काला खालचा बर्थ मिळाला. जातांनाचा मात्र मधला आला आहे, तो गाडींतच कोणा सज्जनाशीं बदलून घ्यावा लागेल.